जाईची बाटली
“मी गेल्यावर माझा सेंट लावून आईपुढे बसू नकोस. खरं काय ते सांग,” दवाखान्यात ताईने माझ्याकडून वचन घेतलं. दिसेनासं झाल्यापासून आई आम्हा बहिणींना वासावरून ओळखते. ताई जाईची, मी गुलाबाची. “एकीचा वास आधी येतो, दुसरीची बडबड,” म्हणून आई हसायची. ताईला जाऊन आठ दिवस झाले. “थोरली का गं येत नाही?” आई रोज विचारते. नेमधर्माची मी रोज खोटं बोलते, “कामात आहे.” आज माझी बाटली संपली. सेंटच्या दुकानातल्या बाईंनी जाई-गुलाब दोन्ही पुढ्यात ठेवले. “दोन्ही स्वस्त, दोन्ही हलके. डोळे मिटून घ्या.” मी डोळे मिटले. जाईची हुंगताच ताई शेजारी उभी राहिली. आईलाही घटकाभर भेटली असती. बाटली मी परत ठेवली. गुलाबाची घेतली, थेंब मनगटावर लावला आणि आईला सांगायला निघाले.