मांडीची सोनोग्राफी

यकृत बदलल्यापासून नवऱ्याच्या पायांत त्राण उरलं नव्हतं. बायको त्याला खांद्याचा आधार देऊन बाथरूमपर्यंत न्यायची आणि तसंच परत आणायची. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी त्याच्या मांडीवरून सोनोग्राफीचा प्रोब फिरवला आणि पडद्याकडे बघत विचारलं, "स्नायू छान भरलाय की. जिने चढता वाटतं रोज?"

"छे हो, उभंसुद्धा राहवत नाही," नवरा म्हणाला.

"नुसतं पडून राहणाऱ्याचा स्नायू असा भरत नाही."

बायकोच्या मनात पाल चुकचुकली. आपण कामावर गेल्यावर हा जातो कुठे? आणि कोणाकडे?

दुसऱ्या दिवशी ती कामावर निघाल्यासारखं करून वरच्या मजल्याच्या वळणावर थांबली. थोड्या वेळाने घराचं दार उघडलं. कठड्याला हातही न लावता नवरा भराभर जिना चढत आला आणि तिला बघून जागीच थिजला.

"मग घरात माझ्या खांद्यावर रेलून चालायचं सोंग कशाला?" तिने विचारलं.

तो पायरीवर बसला.



"'आधी तू पायांवर उभा राहा, मग घटस्फोटाचं बघू,' असं तूच म्हणाली होतीस."