बॉनेटवरची जागा

एसटीच्या खिडकीच्या गजाला मी बाळाचा धुतलेला लंगोट बांधला, तोच कंडक्टरबाई तरातरा आल्या. "सोडा तो आधी."

"नाही सोडणार. कोरडा एकच उरलाय आणि रत्नागिरी अजून तीन तासांवर आहे."

"अहो, बाहेरची धूळ बसेल त्याच्यावर. बाळाला पुरळ उठेल." त्यांनी स्वतःच गाठ सोडली, माझ्या पिशवीतले बाकीचे ओले लंगोटही मागून घेतले आणि ड्रायव्हरकाकांच्या शेजारच्या तापलेल्या बॉनेटवर ऐसपैस पसरले. "घाट उतरेपर्यंत खडखडीत वाळतील. माझ्या दोन्ही पोरांचे इथेच वाळलेत."

मलकापूरला गाडी गच्च भरली. कडक इस्त्रीच्या कपड्यांतले एक पुढारी लंगोट बाजूला सारून बॉनेटवर बसू लागले.

ड्रायव्हरकाकांनी गिअर टाकता टाकता त्यांच्याकडे पाहिलं.

"उठा साहेब. ती जागा राखीव आहे."