सातवी रेघ

जुन्या तुरुंगाचं संग्रहालय होत होतं. बायकांच्या कोठडीतला चुना खरवडता खरवडता जतनाचं काम करणाऱ्या ताईंना भिंतीवर कोळशाच्या सहा रेघा सापडल्या, एकीच्या वर एक. कैदी आईसोबत इथं वाढलेल्या पोराची उंची! ताई नुसत्या नाचायच्याच बाकी होत्या. पेपरात फोटोसुद्धा छापून आला.

रेघांवर काच बसवायच्या दिवशी पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ म्हाताऱ्या आईला घेऊन आले आणि थेट रेघांना पाठ लावून उभे राहिले.

"अहो काका, भिंतीला टेकू नका!" ताई धावल्या.

"सहा वर्षांचा झालो नि मला हिच्यापासून तोडून बाहेर पाठवलं. सातवी रेघ राहूनच गेली."

ताईंनी आपली पेन्सिल म्हातारीच्या हातात दिली, तिला स्टुलावर चढवलं आणि घट्ट धरलं.

म्हातारी वरून ओरडली, "टाचा टेकव रे, लबाडा!"