फक्कीतली खोली

"लय बारकी झाली की वो खोली," साळू कुरकुरली.

फौजेतून रजेवर आलेल्या तिच्या नवऱ्याने, ज्ञानूने, मागची पडवी पाडली होती. तिथे दोघांसाठी खोली काढायची म्हणून नाथाजी गवंड्याने जमिनीवर पांढऱ्या फक्कीने भिंती नुकत्याच आखल्या होत्या. नाथाजी हसला. "वैनी, फक्कीत खोली बारकीच दिसती. भिंती चढल्या की मोठी वाटती."

तो गेल्यावर ज्ञानू दाराच्या जागेतून मान वाकवून आत शिरला आणि मातीवर आडवा झाला. "हितं बाज. तितं पाळना. ह्या अंगाला खिडकी, म्हंजी उसावरचं वारं आत यील." साळू खिडकीत जाऊन बसली. उन्हं उतरेपर्यंत दोघं त्या चार रेघांत राहिली. मध्येच ती पाणी आणायला उठली, तीही दारातूनच गेली. भिंत कशी ओलांडणार?

ज्ञानू लढाईवर परतला. वाऱ्याने फक्की उडाली की साळू रांगोळीने भिंती पुन्हा ओढायची. पुढच्या साली तो इटलीत पडल्याची तार आली, तरी ओढायची.

लढाई संपल्यावर तिने नाथाजीला बोलावलं. "त्यांनी आखून घेतली तेवढीच बांधा. बोटभर कमी न्हाई, जास्त न्हाई."

पाटणहून सागाची चौकट आली. भिंती चढल्या, कौलं पडली. बाज तिच्या जागी ठेवून साळू खोलीच्या मधोमध उभी राहिली. खिडकीतून उसावरचं वारं येत होतं. नाथाजी दारातच थांबला होता.

"तुमी म्हनला तसंच झालं, भाऊ," ती म्हणाली. "लय मोठी झाली खोली."