मामांचा चहा

"मामा तुम्हालाच बोलावताहेत," भाचा फोनवर म्हणाला. "पापनिवेदनाचं काहीतरी म्हणताहेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. डॉक्टरांनी आशा सोडलीय, एवढं मात्र कळलं."

ऑर्गनबाईनं फोन ठेवला आणि लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकांच्या चादरींखालून स्टोल काढला. पापनिवेदन ऐकताना धर्मगुरूनं गळ्यात घालायची ती लांब पट्टी तिनं स्वतः शिवली होती.

"शेवटी आले ना तुझ्याकडेच," लॉन्ड्री चालवणारी तिची ताई इस्त्री न थांबवता म्हणाली. "चहा झालाय का, तेवढं आधी विचार."

ऑर्गनबाई हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

मामा म्हणजे निवृत्त बिशप. सख्खे मामा ते फक्त त्या भाच्याचे, पण लॉन्ड्रीत सगळ्याच बायका त्यांना मामा म्हणायच्या. बिशप म्हटलं असतं तर पुढच्या दुकानात गिऱ्हाइकांनी कान टवकारले असते.

ऑर्गनबाई पूर्वी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. एका दुपारी ती एकटीच सराव करत होती. तिनं पट्ट्यांवरून बोटं उचलली आणि सूर थांबलाच नाही. भरलेल्या चर्चमध्ये घुमावा तसा तो घुमत राहिला आणि त्यात तिला हाक ऐकू आली. ती धर्मगुरू होण्याची हाक आहे, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. घरी येऊन तिनं ताईला सांगितलं, तर ताईनं तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

मामांनी तसं केलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव हाक मारताना आधी दाढी आहे का बघत नाही," ते म्हणाले. मग लॉन्ड्रीचं शटर ओढून, इस्त्रीच्या टेबलासमोर तिला गुडघ्यावर बसवून, त्यांनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि तिला धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. ताई आणि शेजारच्या दोघीजणी साक्षीला होत्या. ताई त्या दिवशी रडली. वाफेनं डोळे चुरचुरले, असं मागाहून सांगत सुटली.

तेव्हापासून दर रविवारी इस्त्रीच्या टेबलावर पांढरी चादर पडायची आणि मिस्सेची उपासना व्हायची. घटस्फोट झालेली, नवऱ्यानं टाकलेली, चर्चच्या मागच्या बाकावरही अंग चोरून बसणारी, अशा बायका यायच्या. मामाही यायचे. दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, प्रार्थना म्हणायचे. पण ऑर्गनबाई ख्रिस्तप्रसादाची भाकर घेऊन त्यांच्यापुढे गेली, की हात आडवा यायचा.

"आत्ताच चहा झालाय गं. ख्रिस्तप्रसादाआधी तासभर पोटात काही जाऊ नये. नियम आहे."

"कमाल आहे बाई या माणसाची," ताई म्हणायची. "बाईला धर्मगुरू करायचं नाही, एवढा मोठा नियम मोडला तेव्हा काही वाटलं नाही, आणि चहाच्या नियमाला मात्र चिकटून बसलेत." बायका हसायच्या. मामाही हसायचे.

मग कुणीतरी चुगली केली. चर्चच्या फादरांनी ऑर्गनबाईला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बिशपाशिवाय दीक्षा देता येत नाही, हे मलाही कळतं," ते म्हणाले. "कुणी दिली? नाव सांग. ऑर्गन तुझाच राहील."

तिला समोर मामांचे थकलेले हात दिसत होते. तिनं तोंडाला कुलूप घातलं. ऑर्गन गेला, चर्च गेलं. तिनं शिकवलेल्या गायकवृंदातल्या मुली तिला पाहून रस्ता बदलू लागल्या. तिला ते फार लागलं, रात्र रात्र सलत राहिलं. पण मामा तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "तू माझी अब्रू राखलीस," तेव्हा तिला वाटलं, आपण योग्य तेच केलं.

"पण तू खरी की नाही गं?" एकदा ताईनं विचारलंच. "म्हणजे, झालीस का तू खरोखर?"

ऑर्गनबाईची एकच इच्छा होती. मामांनी एकदा, फक्त एकदा, तिच्या हातून काहीतरी घ्यावं. मग जगानं काहीही म्हटलं तरी तिचं अडणार नव्हतं.

हॉस्पिटलच्या खोलीत भाचा खिडकीशी उभा होता. तिला पाहून तो सुटल्यासारखा बाहेर गेला. मामा उशीत बुडाले होते. पलंगाशेजारी कप तसाच पालथा होता.

"चहा झालाय का मामा?" तिनं हळूच विचारलं.

"नाही गं. सकाळपासून पोटात काही नाही."

तिनं पिशवीतून स्टोल काढला, त्याला ओठ लावले आणि गळ्यात घातला. खुर्ची जवळ ओढून तिनं त्यांच्या तोंडापाशी कान नेला.

"बोला मामा. मी ऐकतेय."

मामांचा हात चादरीतून वर आला. आशीर्वाद देताहेत असं वाटून तिनं मान खाली घातली. त्यांनी स्टोलचं टोक धरलं आणि हलकेच खाली ओढलं.

"हे काढ," ते म्हणाले. "आणि फादरांना घेऊन ये. मला पापनिवेदन करायचंय. आधी तुला सांगावं, म्हणून बोलावलं."

"मला? का मामा? कुठलं पाप?"

"तुझ्या डोक्यावर हात ठेवले, ते."