ताप हाय का कुणाला?

मलेरिया विभागाचा रत्नपाल दर पंधरा दिवसांनी हिंगोलीतल्या त्याच गल्ल्यांमधून फिरायचा आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारायचा, "ताप हाय का कुणाला?" लोक उंबऱ्यावरूनच न्हाई म्हणायचे, की तो पुढच्या दाराशी.

शेवटच्या गल्लीच्या टोकाला सोजराबाई एकट्याच राहायच्या. त्या मात्र दर वेळी म्हणायच्या, "व्हय बापू, कालपासून अंगात कणकण हाय," आणि बोट पुढं करायच्या. हात थंडगार असायचा. तरी रत्नपाल सुई टोचायचा, काचेवर थेंब घ्यायचा आणि तो वाळेपर्यंत त्यांचा चहा प्यायचा. सहा वर्षांत एकदाही मलेरिया निघाला नव्हता. त्याला सगळं कळत होतं, पण तिथवर येईस्तोवर त्याच्याही पायांत त्राण उरलेलं नसायचं.

आज त्यांनी भिंतीला धरून दार उघडलं. चहा आधीच करून ठेवलेला होता.

"आज न्हाई ताप, बापू. बराबर हाय मी."

कप घेताना त्याची बोटं त्यांच्या हाताला लागली आणि चटका बसल्यासारखं झालं.

"माय, तुमी तर तापानं फणफणून राहिल्या. न्हाई काहून म्हणता?"

सोजराबाईंनी हात पदराखाली घेतला.



"खरं सांगितलं तर दवाखान्यात ठेवून घेतील. मंग पुढच्या खेपेला तू येशील, अन् दाराला कुलूप असंल."