कोपऱ्यातला हात

पाहुण्या बाईला सर्दी झाली होती. तिने मास्क काढलाच नाही. मास्कच्या आडून ती बराच वेळ बोलत राहिली, आणि बोलताना तिचे डोळे रुइलानकडे बघून हसत होते.

फानताईने कपाळाला आठ्या घालून ऐकून घेतलं. मग रुइलानकडे वळली आणि हातांनी सांगितलं, "म्हणते, नाच बरा आहे. पण बहिऱ्या बाईला शाळेत ठेवून आम्ही करायचं काय?"

रुइलानला मुस्कटात बसल्यासारखं झालं. छंगदूच्या नृत्यशाळेतून ही बाई मुद्दाम तिलाच बघायला एवढ्या लांब तायुआनला आली होती. शिकवायची नोकरी मिळेल, या नृत्यसंघाच्या कोंडवाड्यातून सुटका होईल, एवढ्यासाठी रुइलान आठवडाभर हवेत होती. बाईने कार्ड पुढे केलं. रुइलानने मान फिरवली. कार्ड फानताईने उचलून खिशात टाकलं. बाई दारात थांबून एकदा वळली आणि गेली.

बाईलाच फोनवर लिहून विचारावं तर तालमीच्या वेळी सगळ्यांचे फोन फानताईच्या कपाटात. ओळखपत्रंही तिथंच. "तुम्ही हरवाल," म्हणून. फाटक बंद. मालक गुओसाहेब बीजिंगमध्ये बसून मेसेजवर संघ हाकायचे. इथं राज्य फानताईचं.

खुणांच्या भाषेत प्रत्येकीला नाव होतं. फानताईचं नाव म्हणजे कानाच्या पाळीला लावलेलं बोट. कान. सगळ्या बहिऱ्या नर्तकींमध्ये ऐकू येणारी ती एकटी. गावोगावच्या ऑपेरात उभा जन्म ढोल बडवून आलेली बाई. ती रंगमंचाच्या पायथ्याशी, कोपऱ्यात, काळे कपडे घालून उभी राही, संगीत ऐके आणि हाताने ताल दाखवी. क्रौंचनाचात सगळ्या बायका एकीमागे एक उभ्या. पुढून दिसायची एकच बाई आणि तिला फुटलेले पंखच पंख. मागचीने पुढचीच्या खांद्यावर नजर ठेवायची. फानताईचा हात दिसायचा फक्त सगळ्यांत पुढच्या रुइलानला.

"मी हात खाली केला की तुम्ही लाकडाचे ओंडके," फानताई रोज ऐकवायची. आणि रुइलानला वेगळं, "पुढची जागा तुझीच. मरेपर्यंत सोडणार नाहीस. समजलं?"

त्या संध्याकाळी जेवताना रुइलानने शेवयांचा वाडगा सरकवून दिला.

"मी जाणार," तिने जुआनला सांगितलं. जुआन रांगेत तिच्या मागची.

"जा की. आणि पहिल्याच ट्रकखाली मर. हॉर्न ऐकायला तिथं कान येणार आहे का तुझ्यासोबत?"

"ती बाई हसत होती, जुआन. असं बोलणारी माणसं हसतात का?"

"ऐकू येणारी माणसं कधीही हसतात. तू शेवया खा. नाहीतर मी व्हिनेगर घालून संपवते."

भिंतीवरचा दिवा लुकलुकला. बाहेर कुणी बेल दाबली की तो लागे, बहिऱ्यांसाठी बसवलेला. फानताई नेहमी त्याच्याकडे तोंड करूनच बसायची. ती ताडकन उठून फाटकाकडे गेली.

"बघ," रुइलान म्हणाली, "जेवतानासुद्धा पहारा. कोण येतं, कोण जातं. जेलर आहे नुसती."

"आहे ना. पण कान आहे तिला. तुला आहे?"

रुइलानने वाडगा पुन्हा पुढे ओढला. दर वेळी इथंच येऊन ती अडायची. पिंजऱ्याला दार नव्हतं असं नाही. दाराबाहेर आवाज होते, आणि ते फक्त फानताईला कळत होते.

पुढच्या आठवड्यात संघाचा प्रयोग छोंगछिंगला होता. नाट्यगृह गच्च भरलं होतं. पडदा उघडण्याआधी फानताईने नेहमीसारखा स्पीकरच्या लाकडावर तळहात टेकला. शुभ असतं म्हणे. मग कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

ढोल सुरू झाला. रुइलानच्या तळव्यांतून तो वर चढला, पोटऱ्यांत, कमरेत. कोपऱ्यातला हात वर गेला. पंख उघडले.

रुइलानच्या मनात राग धगधगत होता. बहिऱ्या बाईला ठेवून करायचं काय? तिसऱ्या फेरीत तिने डावा पंख मुद्दाम उशिरा उचलला. चुकू दे सगळा नाच. होऊ दे या बाईची फजिती.

कोपऱ्यातला हातही उशिरा उठला.

योगायोग असेल, रुइलानला वाटलं. तिने पुन्हा उशीर केला. हातानेही पुन्हा उशीर केला.

आणि मग पायांखालची फळी मेली. ढोल नाही, काही नाही. नुसतं थंड लाकूड. संगीत बंद पडलं होतं.

पहिल्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. तोंडं हलू लागली. कोपऱ्यातला हात मात्र ताल देत होता. नाट्यगृहाचा एक माणूस धावत आला आणि फानताईच्या मागे उभा राहून ओरडला. इतका मोठ्याने, की मंचावरून रुइलानला त्याचे दात दिसले, मानेच्या फुगलेल्या शिरा दिसल्या. ओंजळ करून तो तिच्या कानात पुन्हा ओरडला.

फानताईने मान वळवली नाही. तिची नजर रुइलानच्या खांद्याला खिळली होती, पापणीसुद्धा न लववता. रुइलानला पाहुण्या बाईचा मास्क आठवला; त्याआडचे ओठ फानताईलाही वाचता आले नव्हते.

रुइलान थांबली.

हात थांबला.

तिच्या मागे रांग थांबली. रुइलानने हळूच उजवा पंख वर नेला. नाचात ही हालचाल नव्हती, कधीच नव्हती. खांद्यापर्यंत, डोक्याच्याही वर.

कोपऱ्यात फानताईचा हात तिच्या मागोमाग वर गेला.